तुऱ्याचा अकीक असलेली थंडरएग: खणणे, निवडणे आणि कापणे

धागाकर्ता: गारवेचक

नमस्कार मंडळी. मी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो येथे नोकरीनिमित्त राहतो आणि सुट्टी मिळाली की कॅस्केड डोंगररांगेच्या पूर्वेला जाऊन दगड खणून आणतो. लहानपणी पांघरूण डोक्यावर घेऊन दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि ठिणग्या पाहत बसायचे, ही खोड माझी अजून गेलेली नाही, एवढेच याचे स्पष्टीकरण देता येईल.

येथे ज्या दगडाचा नाद मला लागला त्याला थंडरएग म्हणतात. बाहेरून तो मातकट, अंगावर फोड आलेल्या बटाट्यासारखा दिसतो. आकार अक्रोडापासून नारळापर्यंत कितीही असू शकतो. कापल्यावर मात्र मध्यभागी बहुधा चांदणीच्या आकाराचा गाभा दिसतो आणि तो अकीकाने (इंग्रजीत अ‍ॅगेट), जॅस्परने किंवा ओपलने, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या खनिजांनी भरलेला असतो. ओरेगनने १९६५ साली हा आपला राज्याचा अधिकृत दगड ठरवला. माउंट हूड आणि माउंट जेफर्सन या दोन शिखरांवरचे गर्जनेचे देव एकमेकांवर रागावले की महापक्ष्याच्या घरट्यातून पळवलेली अंडी फेकून मारत, अशी कथा येथील मूळ रहिवाशांची म्हणून सांगितली जाते, आणि दगडाचे नावही तिच्याशीच जोडले जाते.

या दगडाच्या अनेक जातींत संग्राहक ज्यासाठी सर्वांत जास्त धडपडतात ती जात म्हणजे इंग्रजीत ज्याला प्लूम म्हणतात त्या नक्षीची. पारदर्शक अकीकात लाल, पिवळे, काळे किंवा पांढरे पिसांचे झुबके उभे राहिल्यासारखे दिसतात. फेट्याला लावतात तो तुरा डोळ्यांसमोर आणला तर आणखी वर्णन करण्याची गरज नाही, म्हणून मी त्याला तुऱ्याचा अकीक म्हणतो. या तुऱ्यासाठी मध्य ओरेगनमधील प्रायडे यांच्या रँचवरचे थर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून प्रसिद्ध आहेत. ते मद्रास नावाच्या गावाच्या उत्तरेला आहेत. होय, मद्रासच. आपल्याकडून येणाऱ्या मद्रास कापडावरून या गावाला ते नाव पडले असे सांगतात, आणि रस्त्यावर ती पाटी पाहून प्रत्येक भारतीय एकदा तरी गाडी हळू करतो.

आता मूळ अडचण सांगतो. त्या भागात एका खाजगी जागेत वजनाप्रमाणे पैसे भरून मी दोन दिवस खणले आणि एकतीस अंडी आणली, वजन सुमारे १८ किलो. त्यांतली बारा एका दुकानात कापायला दिली. दहांत साधा करडा अकीक निघाला. उरलेल्या दोनांत तुरा होता, पण त्यांपैकी एकाची कापणी अशी झाली की पृष्ठभागावर नुसते तांबडे ठिपके दिसतात, जणू कोणी रांगोळीचे बोट टेकवून ठेवले आहे. कापणाऱ्याने मला न विचारता सर्व अंडी एकाच दिशेने यंत्रात लावली होती. चूक माझीही आहे, कारण विचारायचे काय हे मलाच ठाऊक नव्हते.

एकोणीस अंडी अजून अखंड आहेत. माझे प्रश्न दोन: आत तुरा आहे हे बाहेरून ओळखता येते का, आणि कापायचे ते कोणत्या दिशेने?

---

शिळाधार

गारवेचक, प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी हा दगड तयार कसा होतो हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण कापण्याची दिशा त्यातूनच निघते. मी पुण्यात बरीच वर्षे भूविज्ञान शिकवले. तेव्हा थोडी मास्तरकी सहन करावी.

पहिली गोष्ट म्हणजे थंडरएग आणि जिओड (आत स्फटिक वाढलेला पोकळ दगड) एक नव्हेत. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत क्वार्ट्‌झ, अकीक आणि झिओलाइट वाढले. तेथे खडक आधीचा असतो आणि पोकळी ही केवळ रिकामी जागा असते. थंडरएगला मात्र स्वतःचे कवच असते, आणि ते कवच जागच्या जागी वाढलेले असते. यासाठी रायोलाइट हा ज्वालामुखीतून आलेला खडक लागतो. बेसाल्टात सिलिकाचे (गारगोटी ज्याची बनते त्या द्रव्याचे) प्रमाण सुमारे निम्मे असते, तर रायोलाइटात ते सत्तर टक्क्यांच्या आसपास किंवा अधिक असते. त्यामुळे हा लाव्हा काकवीसारखा जड आणि चिकट असतो आणि त्याचा पुष्कळ भाग काचेच्या स्वरूपातच थिजतो. आपण खणता तो थर जॉन डे नावाच्या शैलसमूहातला आहे, आणि त्या समूहाचा मोठा भाग ज्वालामुखीच्या राखेचा आहे. तप्त राखेचे लोट जमिनीवर पसरले, स्वतःच्या उष्णतेने व वजनाने काही अंशी वितळून एकजीव झाले आणि त्या काचमय थरात एकेका बिंदूभोवती फेल्डस्पार आणि सिलिकाचे सुईसारखे तंतू चहूबाजूंना वाढत गेले. हे वाढलेले गोळे म्हणजे तुमच्या अंड्यांची टरफले. मधल्या वायूच्या दाबामुळे गोळा आतून उकलला, आणि कोवळ्या गोळ्याची ती उकल सरळ न होता कोनाकोनांनी झाली, म्हणून गाभा चांदणीसारखा दिसतो.

त्यानंतरचे काम पाण्याने केले. राखेतल्या काचेतून सिलिका विरघळवून पाणी त्या भेगेत झिरपले आणि थराथराने अकीक बसत गेला. भोवतालच्या काचेत पाणी मुरून तिचा पर्लाइट झाला, आणि पर्लाइटची पुढे चिकणमाती झाली. तुमचे नशीब चांगले ते येथे. भोवतालचा खडक मऊ झाल्यामुळेच अंडे अखंड सुटून येते.

तुरे म्हणजे मुख्यतः लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांची वाढ. ते नेमके कसे वाढले याबद्दल मतभेद आहेत. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात धातूच्या क्षाराचा खडा टाकला की त्यातून रंगीत फांद्या वर चढू लागतात, हा शाळेच्या प्रयोगशाळेतला प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. सिलिका अजून जेलच्या अवस्थेत असताना तुरे असेच वाढले असावेत, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की तुरा भिंतीत रुजतो आणि आतल्या दिशेने वाढतो.

---

निवडुंग

शिळाधार सरांचे शेवटचे वाक्य म्हणजेच गारवेचक यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. मी आयडाहोमध्ये बॉइझी येथे राहते आणि घराच्या गॅरेजमध्ये दहा इंची पात्याच्या यंत्रावर दगड कापते. स्वयंपाकघरातले उदाहरण देते. फ्लॉवरचा गड्डा देठाच्या रेषेत उभा चिरला तर झाड दिसते, खोड, फांद्या आणि वरचा झुबका सगळे दिसते. तोच गड्डा वरच्या बाजूने आडवा चकतीसारखा चिरला तर नुसते ठिपके दिसतात. आपल्या अंड्याचे नेमके हेच झाले आहे. ठिपके म्हणजे आडव्या चिरलेल्या तुऱ्यांची टोके.

तुरा आहे की नाही हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. सांगणारे भेटतात, त्यांच्याकडून न कापलेले दगड विकत घेऊ नयेत. वजनावरून गाभा भरीव आहे की पोकळ, एवढा अंदाज मात्र येतो. एकाच आकाराची दोन अंडी दोन हातांत घेतली तर पोकळ अंडे हलके लागते. कवचावर कधीकधी उंचवट्याच्या रेषा असतात, त्या आतल्या चांदणीच्या कोनांशी जुळतात, त्यामुळे चांदणी पूर्ण दिसेल अशी कापणी ठरवता येते. पण सुंदर चांदणी आणि सुंदर तुरा एकाच कापणीत मिळतीलच असे नाही, आणि बहुतेक दुकानदार चांदणीकडे पाहून कापतात.

माझी पद्धत अशी आहे. अंडे मधोमध कधीही कापू नये. प्रथम एका टोकाकडून पातळ टोपी काढावी, म्हणजे गाभ्याला एक लहान खिडकी पडते. ती ओली करून कडेने विजेरीचा प्रकाश टाकावा. अकीक पारदर्शक असेल तर तुरे कोणत्या भिंतीतून निघाले आहेत ते एक-दोन सेंटिमीटर खोलपर्यंत दिसते. खिडकीत ठिपके दिसले तर निराश न होता अंडे नव्वद अंशांनी फिरवावे. खिडकीत तुरा आडवा पहुडलेला दिसला तर त्याच पातळीला समांतर चकत्या काढाव्यात. पाते स्वतःच सुमारे दोन मिलिमीटर दगड खाते, त्यामुळे दोन सेंटिमीटर जाडीच्या तुऱ्यात चुकीची एक कापणी म्हणजे काय, हे आपण अनुभवलेच आहे.

तो ठिपक्यांचा अर्धा भाग टाकून देऊ नका. पुरेसा जाड असेल तर काटकोनात पुन्हा कापता येईल.

---

माणदेशी

अत्यंत वाचनीय धागा. असे दगड आपल्याकडे मिळतात का? आमच्या माळावर नांगर फिरला की पांढऱ्या गारा आणि लाटलेल्या करंजीसारखे अकीक निघतात. गोमेद तो हाच का?

---

शिळाधार

माणदेशी, आपल्या माळावर निघतात ते बेसाल्टाच्या पोकळ्यांतले अकीक. भोवतालचा खडक झिजून गेला आणि हे कठीण म्हणून मागे राहिले. त्यांत शेवाळासारखी हिरवी नक्षी पुष्कळदा असते आणि क्वचित तुऱ्यासारखीही दिसते. पण ते थंडरएग नव्हेत.

गोमेद या शब्दाने बराच गोंधळ होतो. जुन्या कोशांत अकीकालाही गोमेद म्हटलेले आढळते, पण सराफाकडे नवरत्नांत जो गोमेद मिळतो तो गार्नेटचा प्रकार आहे, अकीकाशी त्याचा काहीही संबंध नाही. म्हणून अकीक हाच शब्द वापरावा.

रायोलाइट महाराष्ट्रात अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर मढ, गोराई, मनोरी या भागात तो आहे. गुजरातेत पावागडाच्या माथ्याकडे आहे. जोधपूरचा मेहरानगड तर मालानी रायोलाइटावरच उभा आहे, आणि त्याचे वय ७५ कोटी वर्षांच्या घरात जाते. पण केवळ रायोलाइट असून भागत नाही. काचमय थर, अडकलेला वायू आणि नंतरच्या काळात सिलिका वाहून आणणारे पाणी हे तिन्ही जुळावे लागतात. विद्यार्थ्यांना घेऊन मी गोराईचे खडक अनेकदा पायी पाहिले आहेत; मला तेथे असे अंडे कधी दिसले नाही. जगात अन्यत्र पाहायचे झाल्यास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड, जर्मनीतील सॅक्सनी आणि न्यू मेक्सिकोतील डेमिंगचा परिसर यासाठी प्रसिद्ध आहे.

---

भटकबहाद्दर

खणण्याची प्रत्यक्ष रीत कोणी लिहील का? आम्ही मे महिन्यात सिअ‍ॅटलहून कुटुंबासह येणार आहोत. मुले आठ आणि अकरा वर्षांची आहेत. टिकाव, पहार सर्व घ्यावे लागेल काय?

---

गारवेचक

निवडुंगताई, फ्लॉवरचे उदाहरण वाचून मी ते ठिपक्यांचे अंडे पुन्हा हातात घेतले, आणि दोन वर्षे कपाटात ठेवलेल्या वस्तूकडे नव्याने पाहिले. शिळाधार सर, आपलेही आभार.

भटकबहाद्दर, लहान दांड्याचा टिकाव, भूगर्भतज्ज्ञ वापरतात तसा टोकदार हातोडा, एक जुना लांब स्क्रू ड्रायव्हर, बादली, गुडघ्याखाली घालायला जाड उशी आणि प्रत्येकासाठी डोळ्यांचे रक्षण करणारा चष्मा एवढे पुरेसे आहे. पहार न्यावी, पण ती शेवटी वापरण्याची वस्तू आहे. पहिल्या दिवशी मी जोरात टिकाव मारत होतो, आणि दुपारपर्यंत तीन चांगली अंडी माझ्याच टिकावाने फुटली. शेजारच्या खड्ड्यात एक वृद्ध गृहस्थ होते. ते न बोलता तासभर माझे काम पाहत होते, शेवटी त्यांनी येऊन माझ्या हातातला टिकाव काढून घेतला आणि स्क्रू ड्रायव्हर दिला.

थर ओळखण्याची खूण अशी की वरच्या भुरकट मातीखाली राखाडी-हिरवट, साबणासारखी गुळगुळीत चिकणमाती लागते. तिच्यात स्क्रू ड्रायव्हर खुपसत जावे. माती असेल तर तो लोण्यात गेल्यासारखा जातो, अंडे लागले की टक् असा आवाज येतो. मग त्या आवाजाभोवती सर्व बाजूंनी माती कोरून काढावी आणि अंडे मोकळे झाल्यावरच उचलावे. एक अंडे मिळाले की त्याच्या आसपास आणखी मिळण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे जागा बदलण्याची घाई करू नये.

पोटात भुयार मात्र कदापि करू नये. चांगली अंडी नेहमी खड्ड्याच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर दिसतात, आणि माणूस नकळत आत आत कोरत जातो. वर दीड-दोन मीटर ओली माती टांगलेली असते. मुले बरोबर असतील तर त्यांना भिंतीपाशी बसवू नका. बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगात पाऊस पडून गेल्यावर लहान अंडी आपोआप उघडी पडतात, ती वेचायला मुलांइतके तरबेज कोणी नाही. मे महिन्यात ऊन वाढले की या भागात रॅटलस्नेक फिरतात, म्हणून दगडाखाली न पाहता हात घालू नये.

---

निवडुंग

गारवेचक यांनी खणण्याचे उत्तम लिहिले आहे. त्यात माझी एक भर. अंडे उचलण्यापूर्वी त्याची वरची बाजू कोणती होती याची खूण करावी. ओल्या चिकणमातीवर मार्कर उमटत नाही, म्हणून स्क्रू ड्रायव्हरने कवचावर सरळ ओरखडा काढावा. काही अंड्यांत अकीकाचे थर भिंतीला समांतर न बसता तळ्यातल्या गाळासारखे सपाट बसलेले असतात, आणि ते थर बसले त्या वेळी खाली कोणती बाजू होती हे त्यावरून कळते. माझ्याकडच्या अशा अंड्यांत तुरे बहुतेक वेळा खालच्या भिंतीतून वर आलेले आहेत. हा माझ्या कपाटापुरता अनुभव आहे, नियम नव्हे. पण खूण असेल तर पहिली टोपी बाजूने काढायची हे तरी ठरवता येते. खूण नसेल तर सर्व अंदाजच.

---

करवत

सर्वजण कापण्याबद्दल लिहीत आहेत, परंतु धुळीबद्दल एकानेही लिहिलेले नाही, म्हणून प्रतिसाद देत आहे. माझे काम काही काळ गुजरातेत खंभात येथे होते. तेथे अकीकाचे मणी घडवण्याचा उद्योग फार जुना आहे. राजपीपळ्याजवळच्या रतनपूरचा अकीक तेथे येतो. खंभातजवळच्या शकरपूरमध्ये घरोघरी चाके फिरतात, आणि दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या रोगाने तेथील अनेक कारागिरांची फुप्फुसे निकामी केली आहेत. धूळ फक्त चाकावर बसणाऱ्याच्या छातीत जाते असे नाही. त्याच घरात राहणाऱ्या, शेजारी राहणाऱ्या माणसांच्याही जाते.

हौस म्हणून महिन्यातून दोन दगड कापणाऱ्याला तेवढा धोका नसेल, पण अकीक कोरडा घासणे हा प्रकार एकदाही करू नये. कापताना आणि घासताना पाणी किंवा तेल सतत हवे. कोपरा मोडायचा आहे म्हणून हातातल्या ग्राइंडरवर दोन मिनिटे धरतो, असे म्हणणारे पुष्कळ पाहिले आहेत. यंत्राभोवती वाळलेला चिखलही झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.

---

निवडुंग

करवत यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. माझ्या यंत्रात खनिज तेल असते. कापलेली चकती तेलकट निघते. ती मांजरीच्या शौचपेटीत घालतात त्या मातीच्या भुग्यात रात्रभर पुरून ठेवली की तेल शोषले जाते आणि मग भांड्यांच्या साबणाने धुता येते. त्यानंतर घासण्यासाठी सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीच्या ८०, २२०, ६०० अशा चढत्या पायऱ्या (आकडा मोठा तितके कण बारीक) आणि शेवटी चकाकीसाठी फेल्टवर, म्हणजे दाबलेल्या लोकरीवर, सिरियम ऑक्साइडची पूड. पायऱ्या बदलताना हात, नखे आणि दगडाच्या भेगा दात घासायच्या ब्रशने धुवाव्यात. ८० नंबरचा एक कण ६०० मध्ये गेला की सर्व काम पुन्हा.

---

भटकबहाद्दर

सर्वांचे आभार. खाजगी जागेत पैसे भरावे लागतात हे समजले. सरकारी जमिनीवर खणता येते का?

---

गारवेचक

प्राइनव्हिलजवळच्या ओचोको राष्ट्रीय वनात व्हाइट फर स्प्रिंग्ज आणि व्हिस्लर स्प्रिंग्ज अशा जागा आहेत, आणि तेथे हातातल्या अवजारांनी, केवळ स्वतःच्या संग्रहासाठी खणता येते, विकण्यासाठी नाही. खड्डा बुजवूनच निघायचे असते. तेथील अंड्यांत जॅस्पर आणि साधा अकीक अधिक असतो, तुऱ्याची आशा धरून जाऊ नये. मुलांसाठी मात्र ती जागा मला जास्त पसंत आहे, कारण झाडांची सावली आहे. न्यू मेक्सिकोला कधी गेलात तर डेमिंगजवळच्या रॉकहाउंड राज्य उद्यानातून प्रत्येकाला पंधरा पौंडांपर्यंत दगड नेण्याची परवानगी असते. मद्रासकडच्या खाजगी जागा सध्या कोणत्या अटींवर उघड्या आहेत हे निघण्यापूर्वी फोन करूनच विचारावे. दीडशे मैल जाऊन बंद फाटक पाहणे मी एकदा केले आहे.

---

गारवेचक

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. निवडुंगताईंच्या सांगण्याप्रमाणे या वेळी दुकानात न देता ओळखीतल्या एका हौशी गृहस्थांच्या यंत्रावर, शेजारी उभा राहून काम केले. ठिपक्यांचा अर्धा भाग प्रथम घेतला. तो कोठून धरायचा हाच प्रश्न होता, कारण सपाट बाजू शिकंज्यात बसते पण गोल बाजू निसटते. शेवटी लाकडाच्या दोन पाचरी ठोकून काटकोनात धरला. कापणीला पंचवीस मिनिटे लागली. झाकण उघडून तेल पुसले तेव्हा खालच्या कवचापासून सरळ उभे राहिलेले पाच तुरे दिसले, देठाशी काळपट, मध्ये विटकरी आणि टोकांना हळदीसारखे पिवळे. सर्वांत उंच १४ मिलिमीटर भरला. वरचे टोक मात्र नाही, ते पहिल्या कापणीतच गेले होते.

एकोणिसांपैकी सहांना खिडक्या पाडल्या. पाच करडी निघाली. सहाव्यात एका कोपऱ्यात पांढरे काहीतरी धुरासारखे दिसते, पण गाभा दुधट असल्यामुळे विजेरीचा प्रकाश आत जात नाही. तुरा आहे की नुसता ढग, हे ठरत नाही. ताई, त्याचा फोटो दोन बाजूंनी काढून उद्या येथेच टाकतो. तोपर्यंत ते कापणार नाही.

---

निवडुंग

फोटो दगड पाण्यात बुडवून काढा, आणि ओरखड्याची खूण असेल तर तीही दिसू द्या.

---

गारवेचक

खूण नाही. तेव्हा ठाऊक कोठे होते.